पुढून ओढणारी मोटार आणि केशोरीचें वळण

बंडीला बैल पुढें जुंपावे कीं मागें, असा प्रश्न झाडीपट्टींतील शेतकऱ्यास कोणीं विचारला, तर तो विचारणाऱ्याच्या शहाणपणाविषयींच शंका घेईल. मोटारीच्या बाबतींत मात्र हा प्रश्न पुष्कळ वर्षें खराखुरा प्रश्न होता. एंजिन पुढें बसवावयाचें आणि त्याचा जोर लांब दांड्यानें मागील चाकांस द्यावयाचा, ही रीत जगांत दीर्घकाळ रूढ होती. आपल्याकडील ॲम्बॅसडर व फियाट या गाड्या त्याच रीतीच्या. १९३४ सालीं फ्रान्समधील सित्रोएन कारखान्यानें पुढील चाकांनीं ओढली जाणारी गाडी मोठ्या प्रमाणावर काढली. १९५९ सालीं इंग्लंडांत ॲलेक इसिगोनिस यांनीं एंजिन आडवें बसवून ‘मिनी’ ही चिमुकली मोटार सिद्ध केली, आणि तेथून लहान मोटारींचा ओघ त्या दिशेस वळला. आपल्या देशांत डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० आली, आणि डिसेंबर १९९८ मध्यें पुण्याजवळ पिंपरीस घडलेली इंडिका आली. आज मध्यम स्थितीच्या कुटुंबाची लहान गाडी बहुतेक पुढूनच ओढते.

या बदलाचे लाभ उघड आहेत. गाडी हलकी होते, पायाखालचा दांड्याचा उंचवटा नाहींसा होऊन बसावयास जागा अधिक मिळते, आणि निसरड्या सपाट रस्त्यावर एंजिनाच्या वजनानें दाबलेलीं पुढचीं चाकें चांगली ओढ घेतात. परंतु या गाडीचा म्हणून एक स्वभाव आहे, आणि घरांत मोटार असूनही तो जाणणारीं माणसें थोडीं. आम्हीही त्या अजाण मंडळींतच होतों. केशोरीच्या वाटेवरील एका वळणानें आमचें अज्ञान दूर केलें. तो वृत्तांत आणि त्यांतून मिळालेला बोध वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

महालक्ष्म्यांचा प्रवास

आमची धाकटी बहीण केशोरीस दिली आहे. तिचे यजमान तेथें दवाखाना चालवितात. केशोरी हें गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यांतील, गडचिरोलीच्या सीमेकडील गांव. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा होईपर्यंत हा सारा मुलूख भंडाऱ्यांत मोडत असे. भोंवतीं धान, जंगल आणि तळीं. गांवाचें नांव मात्र दूरवर पोंचलें तें तेथील मिरचीमुळें. गतवर्षीं भाद्रपदांत बहिणीनें महालक्ष्म्यांच्या जेवणास बोलाविलें, तेव्हां ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री, आमचें कुटुंब, थोरल्या बंधूंचा मुलगा आणि आम्ही असे चौघे नागपुराहून निघालों. सुकाणू पुतण्याच्या हातीं होतें.

हा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत असून मोटारींचा मोठा षोकी. महिन्यापूर्वींच त्यानें शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून शहरांतील एका दुकानीं गाडीस बुटक्या व कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. “काका, गाडी जमिनीला जितकी लागून, तितकी वळणावर पक्की,” असें त्यानें सांगितलें, आणि आम्हांस तें पटलें. शर्यतीच्या मोटारी जमिनीस चिकटून धांवतात, हें चित्रांत आम्हींही पाहिलें होतें. शहराच्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी पूर्वींपेक्षां कमी झुकत होती, हेंही खरें. मातोश्री मात्र पहिल्याच दिवशीं म्हणाल्या, “गाडी आतां पाठीला लागते रे.” त्या बोलण्याकडे मुलानें लक्ष दिलें नाहीं; आम्हींही दिलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

भंडारा, साकोली ही महामार्गाची वाट सुखाची झाली. कोहमाऱ्यास महामार्ग सोडून आम्ही नवेगावबांधाच्या रस्त्यास लागलों व अर्जुनी मागें टाकली. पुढें दोहों बाजूंस धानाच्या बांध्या आणि मधून मधून जंगल. पाऊस नुकताच थांबला होता. एका रपट्यावरून गाडी वर आली, तों लगेच डावीकडे वळण होतें, आणि ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतांतला चिखल तेथें डांबरावर पसरला होता. वेग फार नव्हता. पुतण्यानें सुकाणू वळविलें, गाडी वळेना. त्यानें आणखी वळविलें. गाडी तशीच सरळ, रस्त्याच्या उजव्या अंगास चालली. मध्यें एक खळगा होता, त्यावर ती दाणकन् आदळली, आणि दुसऱ्या क्षणीं पुढचें उजवें चाक रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावर जाऊन टेकलें.

समोरून त्या वेळीं कोणी आलें नाहीं, ही ईश्वराची कृपा. अनारशांचा डबा उपडा झाला, आमच्या कुटुंबाच्या कपाळास टेंगूळ आलें, याहून अधिक कांहीं झालें नाहीं. पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मातोश्रींनीं मागच्या बैठकीवरून शांतपणें विचारलें, “अरे, तूं तर वळवीत होतास, मग वळेना कशी?” बाईंच्या तोंडचा हा साधा प्रश्न, पण पुढून ओढणाऱ्या मोटारीची सारी विद्या त्यांत सांठलेली आहे, असें पुढें आमच्या ध्यानांत आलें.

‘वळेना कशी?’

मोटार रस्त्यास टेकते ती सुमारें तळहाताएवढ्या चार जागीं. त्या चार तळहातांची पकड हीच गाडीची सारी पुंजी. ती ओढण्यांत खर्च करा, थांबविण्यांत करा कीं वळविण्यांत करा. एकीकडे अधिक गेली कीं दुसरीकडे कमी उरते. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडींत ओढीचा खर्च मागील चाकांच्या खातीं पडतो व वळविण्याचें मुख्य काम पुढच्यांकडे राहतें. पुढून ओढणाऱ्या गाडींत दोन्ही खर्च पुढच्याच चाकांच्या माथीं. शिवाय एंजिनाचें ओझें तेथेंच असल्यामुळें एकूण वजनाचा साधारणपणें साठ टक्के भाग त्यांच्यावर. ज्या घरांत एकाच सुनेनें स्वयंपाक करावा, पाणी भरावें आणि पाहुण्यांचेंही पाहावें, त्या घरांत ऐन सणाच्या दिवशीं जें होतें, तेंच वळणावर या चाकांचें होतें. पुंजी सरली कीं आधीं पुढचीं चाकें घसरतात, आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊं पाहते.

कारखानदार हा स्वभाव बहुधा मुद्दाम राखतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गाडीचें नाक घसरूं लागलें कीं सामान्य माणूस घाबरून वेग कमी करतो. वेग उतरला कीं चाकें पुन्हां पकड घेतात. उलट गाडीचें शेंपूट घसरूं लागलें तर तें सांवरण्यास सराव लागतो, आणि तो घरगुती चालकाजवळ नसतो. म्हणून नाक घसरतांना सुकाणू अधिकाधिक पिळण्यांत अर्थ नाहीं. पाय हळूच सैल करावा, सुकाणू किंचित् सोडावें, आणि चाकांस पकड परत मिळवूं द्यावी. आमच्या पुतण्यानें नेमकें उलट केलें. तें कोणाच्याही हातून होण्यासारखें होतें.

दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. पण ती समजली कीं पुढचें सारें सोपें होतें. वळणावर गाडीचें वजन आंतील चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतें. आतां, टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाहीं; ती दुपटीहून कमीच वाढते. म्हणजे बाहेरचें चाक जें मिळवितें, त्याहून आंतील चाक अधिक गमावतें. एकूण भार किती सरकावा हें गाडीचें वजन, उंची, रुंदी आणि वेग यांवर ठरतें. परंतु त्यांतील किती वांटा पुढच्या जोडीनें सोसावा आणि किती मागच्या, हें बऱ्याच अंशीं स्प्रिंगा आणि गाडीचा झोक आंवरणारी पोलादी कांब, म्हणजे अँटी-रोल बार, यांच्या कडकपणावर अवलंबून असतें. मागची बाजू तुलनेनें कडक केली कीं त्या वांट्याचें ओझें मागील जोडी उचलते, पुढच्या दोन चाकांवरील भार अधिक सारखा राहतो, आणि त्यांची पकड वांचते. हौशी लोक अशा गाड्यांच्या मागील बाजूस जाड बार बसवितात, त्याचें मर्म हें. मात्र पुढें जें वांचतें तें मागें खर्ची पडतें. ओल्या रस्त्यावर चालकानें मध्येंच पाय उचलला तर अशा गाडीचें शेंपूट एकाएकीं बाहेर जाऊं शकतें. आणि खडबडीत वाटेवर एका चाकाचा धक्का त्या कांबेंतून दुसऱ्यास पोंचतो.

गाडी उचलून पाहिली तेव्हां

महालक्ष्म्यांचें जेवण झालें. दुसऱ्या दिवशीं अर्जुनीच्या एका कारागिराकडे गाडी नेली. या गृहस्थांनीं कोणतेंही यंत्र लावण्यापूर्वीं गाडी जॅकवर घेतली आणि एक एक चाक दोहों हातांनीं धरून हलवून पाहिलें. पुढच्या उजव्या चाकास खट् खट् असा ढिलेपणा होता. लोअर आर्म, म्हणजे चाकास खालून धरून ठेवणारा आडवा हात, ज्या रबरी बुशांत फिरतो, तो बुश फाटला होता. त्याच बाजूच्या शॉक ॲब्झॉर्बरमधून तेल गळत होतें. पुढच्या टायरांवर नक्षी होती, पण रबर लांकडासारखें टणक झालें होतें. टायरच्या अंगावर कारखान्याचे चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. ते वाचल्यावर आमचे टायर सात वर्षांचे निघाले. नव्या स्प्रिंगांची हौस झाली, त्या वेळीं हें कोणींच पाहिलें नव्हतें.

आणि त्या स्प्रिंगांविषयीं काय? आपल्या लहान गाड्यांत पुढें बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नांवानें ओळखली जाणारी ही रचना मोठी काटकसरीची: एक उभा नळा, त्यांतच शॉक ॲब्झॉर्बर, भोंवतीं स्प्रिंग, आणि खालीं तो आडवा हात. गाडी फार खालीं आणली कीं या हाताचें चाकाकडील टोंक वर चढतें. मग गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोंवतीं झुकते, तो बिंदु गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षांही अधिक खालीं जातो. दोहोंमधील अंतर वाढतें, आणि झुकविणाऱ्या जोराची तरफ लांबते. म्हणजे झोक कमी व्हावा म्हणून जें केलें, तेंच झोक वाढविण्यास साह्य करितें. कडक स्प्रिंग तो दोष झांकते, इतकेंच. शिवाय त्या स्थितींत गाडी झुकतांना बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर कलतो व टायर आपल्या कडेवर चालूं लागतो.

याहून मोठा दोष आमच्या गाडीनें त्या खळग्यावर दाखविला. बुटक्या स्प्रिंगेस दबावयास जागा थोडी. ती संपली कीं नळा रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि पुढची बाजू क्षणार्धांत दगडासारखी कडक होते. चिखलावर आधींच दुबळी झालेली पकड तेथें पार गेली. त्यांत शॉक ॲब्झॉर्बर जुने. हा नळा वजन पेलीत नाहीं. वजन स्प्रिंग पेलते. आंतील तेल बारीक छिद्रांतून ढकलून तो स्प्रिंगेचा हिंदोळा शमवितो. स्प्रिंग अधिक कडक केली तर तिला आंवरणारा नळाही त्या मानाचा हवा. आमच्या येथें नवी कडक स्प्रिंग आणि थकलेला नळा अशी जोडी जमली होती. उजवें चाक खळग्यांतून वर आलें, तें पुन्हां रस्त्यास नीट टेकलेंच नाहीं.

सुधारणा कोणत्या क्रमानें करावी

मोटारीची वागणूक सुधारावी, ही इच्छा चुकीची नाहीं. कुटुंबाची गाडी अधिक आज्ञाधारक झाली तर ती अधिक सुरक्षित होते. चूक आहे ती क्रमाची. आम्हीं अनुभवानें शिकलेला क्रम येथें देतों.

प्रथम टायर. बाकीचे सारे भाग टायरचे सेवक आहेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षां कमी नसावी, असा आपल्याकडील नियम आहे. पावसाळ्यापूर्वीं ती याहून बरीच अधिक असावी, हें शहाणपण. हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तो थंड टायरांवर मोजावा. आणि दोनच नवे टायर घेणें झालें, तर ते पुढून ओढणाऱ्या गाडीसही मागें लावावे. हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. परंतु पुढचीं चाकें घसरलीं तर तें सुकाणूस कळतें. मागचीं घसरलीं तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

दुसरें, झिजलेलें रबर व सांधे: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटच्या माथ्यावरील बैठक, बारच्या कड्या. फाटलेल्या बुशाच्या गाडीस कितीही भारी सामान बसविलें, तरी चाक आपल्या मनास येईल त्या दिशेस पाहणार. रबराऐवजीं पॉलियुरेथेनचे टणक बुश मिळतात. त्यांनीं सुकाणू तत्पर होतें, परंतु आवाज व कंप घरांत, म्हणजे गाडींत, शिरतात. वृद्ध माणसें बसणार असतील तर कारखान्याचें रबरच बरें.

तिसरें, चाकांची सरळ रेष. हे भाग बदलल्यावर अलाइनमेंट न करणें म्हणजे नवा चष्मा घेऊन तो वांकडा लावणें. चवथें, चांगल्या प्रतीचे शॉक ॲब्झॉर्बर, आणि तेही जोडीनें. एकाच बाजूचा कधीं बदलूं नये. येथपर्यंत आलेल्या दहांपैकीं नऊ कुटुंबांस पुढें जाण्याचें कारणच पडणार नाहीं, असें आमचें मत आहे.

यापुढें पांचवी पायरी स्प्रिंगांची व बारची. ती घ्यावयाचीच तर सारा संच एकमेकांच्या मानाचा असावा, उंची फारशी उतरवूं नये, आणि आपला रस्ता कोणता तें आधीं पाहावें. शिवाय कायद्याचें भान ठेवावें. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानें कारखान्याच्या मूळ रचनेशीं विसंगत फेरफारास बंधन घातलें आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. झिजलेल्या भागाच्या जागीं त्याच मानाचा भाग घालण्यास कोणतीच आडकाठी नाहीं. आपल्या मनाची नवी रचना करण्यापूर्वीं मात्र परिवहन कार्यालयांत विचारपूस करणें श्रेयस्कर.

घरांतील इतर मंडळींसही यांत काम आहे. गतिरोधकावर गाडी उतरतांना ठोका ऐकूं येतो काय, थांबतांना नाक फार वांकतें काय, सरळ रस्त्यावर सुकाणू एका अंगास ओढतें काय, टायर एकाच कडेस झिजतो काय, हें पाहण्यास पदवी लागत नाहीं. मागच्या बैठकीवर बसणाऱ्या स्त्रियांस व वडीलधाऱ्यांस यांतील पुष्कळ गोष्टी चालकाच्या आधीं जाणवतात. आमच्या मातोश्रींच्या पाठीनें जें पहिल्या दिवशीं सांगितलें, तें मानलें असतें तर हा लेख लिहावाच लागला नसता.

परतल्यावर

नागपुरास आल्यावर घरांत मोठी चर्चा झाली. थोरले बंधु रागावले होते. मुलाकडून किल्ली कायमची काढून घ्यावी, असें त्यांचें म्हणणें. मुलगा एक शब्दही बोलला नाहीं. तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “किल्ली काढून घेतली तर तो भिऊन राहील, शिकणार नाहीं. ज्यानें बिघडवलें त्यालाच नीट करूं दे.” त्यांच्या शब्दापुढें बंधूंनीं मान तुकविली.

पुढचे दोन रविवार तो मुलगा कारागिराच्या बाजूस उभा होता. मूळच्या स्प्रिंगा परत बसल्या. चारी शॉक ॲब्झॉर्बर, दोहों बाजूंचे बुश आणि चार टायर नवे आले; रेष नीट झाली. त्यानें हौसेनें घेतलेल्या स्प्रिंगा माळ्यावर ठेविल्या आहेत. त्या विकण्यास तो तयार नाहीं, आणि आम्हींही आग्रह धरिला नाहीं. मागच्या बाजूस जाड बार घालावा काय, याचा हिशेब त्यानें वहीच्या आठ पानांवर केला, आणि शेवटीं खालीं लिहिलें कीं, केशोरीच्या रस्त्यास नको. हे आठ पान आम्हांस त्याच्या परीक्षेंतील गुणांहून मोलाचे वाटले.

या माघांत पुन्हां केशोरीस जाण्याचा योग आला. नवी मिरची आली होती आणि बहिणीनें वर्षाची बेगमी करून ठेविली होती. सुकाणू पुतण्याकडेच होतें. रपटा आला, त्यानें वळणाच्या आधींच वेग उतरविला, आणि वळतांना पाय स्थिर ठेविला. तो खळगा अजून तेथेंच होता. गाडी त्यांतून मऊपणें उतरून वर आली, किंचित् झुकली, आणि जिकडे वळविली तिकडे वळली.

आम्हीं मातोश्रींस वळण दाखवावें म्हणून मागें वळून पाहिलें. त्यांस झोंप लागली होती.